शुभवर्तमान एकीकडे, गीत भलतीकडे

24 सप्टेंबर 2023 हा सामान्यकाळातील पंचविसावा रविवार. 'अ' वर्षाच्या क्रमाने त्या दिवशी संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला वाचला गेला. मालक पहाटेपासून पाच वेळा बाहेर पडतो आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना जे रिकामे उभे दिसतात त्यांनाही मळ्यात धाडतो. त्यांची अडचण एवढीच, की त्यांना कोणी कामावर घेतलेले नसते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा दाखला कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. आमच्या मंदिरातील बाकांवर वसईचे, नगरकडचे, गोव्याचे, केरळचे, झारखंडचे लोक शेजारी शेजारी बसतात. त्यांपैकी कित्येकांनी ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहिली आहे, कित्येकांना ठरलेले महिने भरताच 'ब्रेक' मिळालेला आहे. त्या रविवारी वाचन झाले, आम्ही यथाशक्ती प्रवचन केले, आणि कम्युनियनच्या वेळी गायकवृंदाने शत्रूच्या पाडावाचे, विजयाच्या जयघोषाचे, टाळ्यांच्या ठेक्याचे गीत दणक्यात म्हटले. मिस्सा संपल्यावर नुकतेच काम सुटलेले एक गृहस्थ दाराशी थांबले आणि म्हणाले, "फादर, आजचं वाचन माझंच होतं. गाणं मात्र दुसऱ्याच कोणाचं तरी होतं."

त्या वाक्याचा राग येण्याऐवजी आम्हांला लाज वाटली. गीतांची यादी शनिवारी रात्री ठरली होती आणि ती आम्ही पाहिलीही नव्हती. दोष गायकांचा नव्हे, आमचा होता. परंतु तो आमच्या एकट्याचा आहे असेही आम्हांला वाटत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

गीते निवडण्याची आपली रीत काय आहे? चाल उठावदार आहे का, कीबोर्डवर बसते का, मागच्या लग्नात ती लोकांना आवडली होती का, एवढेच प्रश्न विचारले जातात. त्या दिवसाचे शुभवर्तमान कोणते, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. परिणामी पाच-सात गीते वर्षभर फिरत राहतात. पश्चात्तापाच्या रविवारी तीच, आनंदाच्या रविवारी तीच. याहून वाईट म्हणजे प्रतिसादस्तोत्राला फाटा देऊन तेथेही एखादे आवडते भजन दडपून दिले जाते. बायबलमधील वाचने व स्तोत्र यांच्या जागी बायबलबाह्य मजकूर वापरू नये, असा मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनांचा स्पष्ट दंडक आहे.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा संविधान-दस्तऐवज प्रसिद्ध केला. संगीत उपासनाकृतीशी जितके जवळून जोडलेले असेल तितके ते अधिक पवित्र, असे त्याच्या 112व्या परिच्छेदात सांगितले आहे. आणि गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनेच्या स्रोतांतून घ्यावेत, असे 121व्यात. त्यानंतर 1969 मध्ये तीन वर्षांचा वाचनक्रम आला. सामान्यकाळातील रविवारी पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असेच निवडलेले असते. प्रायश्चित्तकाळात 'अ' वर्षी शोमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजर यांचे प्रसंग वाचले जातात, तेव्हा कम्युनियनची चरणेही त्याच प्रसंगांतील असतात. ऐकलेला शब्दच भाकरीबरोबर मुखी यावा, हा त्यामागील हेतू. एवढी काळजीपूर्वक रचलेली वीण आपण एका दणकेबाज गीताने उसवून टाकतो.

यासाठी रोमकडेच पाहायला हवे असे नाही. आमच्या एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. तुकोबांची पालखी दरसाल आकुर्डीला मुक्कामाला येते. तेथील कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि पुढे जी जी प्रमाणे देतो ती त्याच अभंगाचा अर्थ उजळण्यासाठी. विषयाशी न जुळणारा अभंग केवळ चाल गोड म्हणून मध्येच घेणाऱ्याला श्रोतेच कीर्तनकार म्हणणार नाहीत. जे भान शेजारच्या मंडपात आहे ते आमच्या वेदीपाशी का नसावे?

कोणी म्हणतील, लोकांना हीच गीते आवडतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला जरा उत्साह हवा. उत्साहाला आमचा विरोध नाही. परंतु गायिल्या गेलेल्या शब्दापेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून अपराध घडतो, अशी कबुली खुद्द संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या ग्रंथात दिली आहे. थकलेल्या माणसाला नुसता ठेका देणे म्हणजे भुकेल्याला ताट वाजवून दाखवणे होय.

दुसरा आक्षेप असा, की मराठीत तशी गीते कोठे आहेत? फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफले आणि 'क्रिस्तपुराण' 1616 साली राचोलला छापले गेले. शुभवर्तमान मराठी छंदात बसते, हे चारशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते 'उपासना संगीत'च्या रूपाने प्रॉटेस्टंट बंधूंच्या हाती आहेत. ती आपण का घेऊ नयेत? आणि जेथे काहीच सापडत नाही तेथे वसई ते नगर पसरलेल्या आपल्या कवींनी एकेका दाखल्यावर एकेक गीत लिहावे. या त्रैमासिकाच्या वाचकांत असे कवी नाहीत, हे आम्ही मानणार नाही.

आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे. बुधवारी संध्याकाळी गायकवृंदातील ज्यांची पाळी नाही ते जमतात. प्रथम येत्या रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचले जाते, मग गीतसंग्रह उघडला जातो. स्तोत्र हे स्तोत्रच राहते. निदान कम्युनियनचे गीत त्या वाचनाशी जुळले पाहिजे. तसे न मिळाल्यास मौन. पहिल्या मौनाच्या रविवारी कुरकुर झाली. आता होत नाही.

'अ' वर्ष दर तीन वर्षांनी परत येते आणि द्राक्षमळ्याचा मालकही. दाराशी थांबलेल्या त्या गृहस्थांना, शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुरती मजुरी मिळते, हे पुढच्या खेपेस गाऊन सांगता आले पाहिजे. तेवढे आम्ही त्यांचे देणे लागतो.