‘रिअल’ म्हणजे प्रोग्रामचा वेळ नव्हे

प्रोग्रामला किती वेळ लागतो हे मोजण्यात एवढं काय मोठं, असं ठणकावून सांगणारे अनुभवी लोक जागोजागी भेटतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सवर कमांडच्या आधी ‘टाइम’ लिहा, ‘रिअल’समोरचा आकडा उतरवून घ्या, फारच हौस असेल तर तीनदा चालवून सरासरी काढा. मशीन एकाच वेळी शंभर कामं करत असतं, याहून अचूक मापन होऊच शकत नाही. मिलिसेकंदांचा कीस पाडणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. हे ऐकून द्रोणागिरीहून लोकलने कॉलेजला जाणारी पोरं जर्नलमध्ये तो एकच आकडा लिहितात आणि त्यावरून कुणाचा अल्गोरिदम वेगवान याचे निकाल लागतात. हा सल्ला चुकीचा आहे, आणि अधिकारवाणीने दिला जातो म्हणून जास्तच घातक आहे.

टर्मिनल उघडून ‘टाइम स्लीप १’ एवढंच चालवून बघावं. ‘रिअल’समोर एका सेकंदाहून किंचित जास्त आकडा येतो, ‘यूझर’ आणि ‘सिस’ जवळजवळ शून्य. सेकंदभर प्रोसेसरने या प्रोग्रामसाठी जवळपास काहीच केलं नाही, तो झोपून होता. मग त्याचा वेळ कोणता धरायचा?

द्रोणागिरीत राहणाऱ्याला हे समजायला संगणकही लागत नाही. गोदामातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर न्हावा शेवा बंदराच्या गेटवर रांगेत थांबतो, मग आत जातो, तिथली क्रेन कंटेनर उचलते. निघाल्यापासून रिकामा होईपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे ‘रिअल’. ट्रेलर स्वतः धावला तो ‘यूझर’. क्रेनने त्याच्यासाठी काम केलं तो ‘सिस’. प्रोग्रामच्या वतीने कर्नेल फायली वाचतं, मेमरी देतं, तसंच हे. आणि रांग? ती या दोहोंतही नाही, फक्त ‘रिअल’मध्ये आहे. माल कधी पोचला एवढंच विचारणाऱ्या मालकाला ‘रिअल’ हवा, यात वाद नाही. पण इंजिन बदलून फायदा झाला का, हे ठरवताना रांगेतला वेळ इंजिनाच्या खात्यावर मांडला तर तो हिशेब खोटा ठरतो. चार कोअरवर चार थ्रेड चालवले की ‘यूझर’ चक्क ‘रिअल’च्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा एकच आकडा उतरवणाऱ्याने नेमकं काय मोजलं?

प्रोग्रामच्या आतून वेळ मोजणाऱ्यांची चूक याहून खोल आहे. ते सुरुवातीला आणि शेवटी ‘गेटटाइमऑफडे’ विचारतात आणि वजाबाकी करतात. हे भिंतीवरचं घड्याळ. नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा ते मागेपुढे सरकवू शकते, आणि तसं मधेच झालं तर वजाबाकी उणेसुद्धा येते. भिंतीवरचं घड्याळ हा लोकांनी आपसात केलेला ठराव असतो, हे मुंबईइतकं कुणाला ठाऊक आहे? १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यामागे ३९ मिनिटं चालणारी ‘मुंबई टाइम’ शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. कुणाचं घड्याळ खरं, हा वाद अर्धं शतक पुरला. त्या काळात एखाद्या कामाला लागणारा वेळ मात्र एका मिनिटानेही बदलला नाही. ठरावाचं घड्याळ वेगळं आणि कालावधी वेगळा. १ जुलै २०१२ च्या सकाळी साडेपाचला, आपल्या वेळेनुसार, जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला, आणि कर्नेलमधल्या दोषामुळे ठिकठिकाणचे लिनक्स सर्व्हर अडकून पडले. एका सेकंदाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांनी ती सकाळ आठवावी.

तीनदा चालवून सरासरी? पहिल्या खेपेला फाईल डिस्कवरून येते, पुढच्या खेपांना मेमरीतल्या कॅशमधून. ही बेरीज दोन वेगळ्या गोष्टींची झाली.

राहिला अचूकता अशक्य असल्याचा दावा. अडथळे आहेत आणि ते विचित्र आहेत: प्रोग्रामला हातही न लावता फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा एकूण आकार बदलला तरी वेळ बदलतो, हे २००९ साली एका शोधनिबंधाने दाखवून दिलं. पण म्हणून मोजणंच सोडायचं? नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला, तोही लिनक्सवर चालणारा. सेकंदाला ११७.९ लाख कोटी गणितं हा त्याचा आकडा. ज्या कसोटीवर हा क्रमांक ठरतो, तिच्यात गणितं किती करायची हे सूत्राने आधीच ठरलेलं असतं. सगळी मदार लागलेल्या वेळेवर. मापन अशक्य असतं तर तो क्रमांक कशाच्या जोरावर मिळाला?

करायचं ते फार नाही. प्रोग्रामच्या आत मागे न जाणारं ‘क्लॉक मोनोटोनिक’ वापरावं, आणि फक्त प्रोसेसरचा वेळ हवा असेल तर ‘क्लॉक प्रोसेस सीपीयूटाइम’. ‘टास्कसेट’ने प्रोग्राम एका कोअरला बांधावा. ‘पर्फ स्टॅट’ला दहा-वीस खेपा करायला लावाव्यात, वेळेबरोबर तो इन्स्ट्रक्शनही मोजतो, आणि तो आकडा वेळेपेक्षा बराच स्थिर असतो. बहुतेक अडथळे वेळ वाढवतात, म्हणून सरासरीऐवजी सर्वांत कमी आणि मधला, असे दोन आकडे लिहावेत. जर्नलमध्ये त्यांच्याशेजारी घड्याळ कोणतं, खेपा किती, कर्नेल कोणतं हे यावं. लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर हेही यावं, कारण बॅटरीवर प्रोसेसर अनेकदा मंदावतो. मोजणी चालू असताना वीज गेली असेल, तर त्या सगळ्या खेपा खोडून वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून घ्याव्यात.