‘कोणत्या दवाखान्यात नेऊ?’

घरात पहिला पदवीधर झाला की घरची बरीच कामं त्याच्याकडे येतात. बँकेचा फॉर्म, धाकट्या भावाचा प्रवेश, जातपडताळणीची फाइल. आणि मग एखाद्या रात्री गावाकडून फोन येतो, ‘बाबांना कोणत्या दवाखान्यात नेऊ?’ आपण त्या वेळी हैदराबादला किंवा दिल्लीला असतो. पदवी इतिहासाची किंवा इंजिनिअरिंगची असते. पण घराच्या लेखी शिकलेल्याला सगळं कळतं. आणि उत्तर पाच मिनिटांत द्यायचं असतं.

ज्या घरांत तीन-चार पिढ्या शिकल्या, तिथे हा प्रश्न विचारायला माणूस असतो. कुणाचा मामा सर्जन, कुणाची वहिनी पॅथॉलॉजिस्ट. एका फोनवर कळतं की हे घाबरण्यासारखं आहे की नाही, आणि असेल तर कुठे जायचं. शिक्षण आणि नोकऱ्यांतल्या वाट्यावर आपण बोलतो. ही माहितीसुद्धा जातीनेच वाटली गेली आहे, यावर फारसं बोलत नाही.

माहिती नसल्यामुळे आपल्या घरांत दोन चुका होतात, आणि बहुतेकदा एकापाठोपाठ होतात. आधी चार दिवस जवळच्या सुईवाल्याकडे सलाईन लावून घेतलं जातं, कारण तो उधारीवर पाहतो आणि ‘अरे-तुरे’ करत नाही. दुखणं वाढलं की एकदम शहरातल्या काचेच्या इमारतीत नेलं जातं. तिथे डिपॉझिट मागतात. दागिने गहाण पडतात, सावकाराचं दार वाजतं. या दोन टोकांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या वापराविना राहतात.

त्या पायऱ्या आधी ओळखून घेऊ. गावात उपकेंद्र आणि आशाताई. साधारण तीस हजार लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप, खोकला, जुलाब, गरोदरपणातली तपासणी, लसीकरण, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची लस ही कामं तिथली. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल, आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. रोजच्या दुखण्याला खालची पायरी पुरते. जे दुखणं दोन-तीन आठवडे हटत नाही, वजन उतरवतं किंवा पुन्हा पुन्हा येतं, त्याला वरची पायरी लागते.

काही दुखण्यांत मात्र पायऱ्या मोजत बसायचं नसतं. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटणं, तोंड वाकडं होऊन एका बाजूचा हात लुळा पडणं, साप चावणं, बाळंतिणीला न थांबणारा रक्तस्राव. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि नेण्याआधी विचारून घ्यावं: सीटी स्कॅन आहे का? सापाच्या विषावरची लस आहे का? रक्त मिळेल का? मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सोय नसलेल्या नर्सिंग होममध्ये त्यातले दोन तास गेले, तर पुढे कितीही पैसे ओतून ते परत येत नाहीत.

आता पैशांचं. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. या योजना मुळात अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णासाठी आहेत. ओपीडी आणि रोजची औषधं त्यात बसत नाहीत. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का आणि हा आजार तिथे योजनेत बसतो का, हे दोन्ही प्रश्न डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावेत. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दिल्लीत सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी रुग्णालयांवरही गरिबांना मोफत उपचार देण्याचं बंधन आहे.

पहिली नोकरी लागलेल्यांनी पगाराची स्लिप नीट पाहावी. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यात ०.७५ टक्के ईएसआयची कपात दिसेल. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात, १९४४ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कायदा आला. या विम्यात ओपीडी येते आणि आपल्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. पण त्यांची नावं नोंदवावी लागतात. आपल्यातले कितीतरी जण ती नोंदवत नाहीत.

यावर हमखास प्रश्न येतो, की सरकारी दवाखान्यात आपल्या माणसाला माणूस समजतात का? प्रश्न खरा आहे. आडनाव विचारून बदललेला आवाज, दूर सरकवलेला केसपेपर हे आपण अनुभवलं आहे. आई ‘तिथे नको’ म्हणते, तेव्हा ती अडाणीपणाने बोलत नसते. पण त्या अपमानातून सुटायला आपण कर्ज काढतो, आणि दुखणं आटोपल्यावरही ते फेडत राहतो. म्हणून तिथे एकट्याने जाऊ नये आणि हक्क माहीत असल्याशिवाय जाऊ नये.

ते हक्क आपल्यासारख्यांनीच लढून मिळवले आहेत. १९९२ साली पश्चिम बंगालमधले शेतमजूर हकीम शेख रेल्वेतून पडले. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणत त्यांना परत पाठवलं आणि शेवटी खासगी रुग्णालयात त्यांचे १७,००० रुपये गेले. त्यांची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तातडीचे उपचार नाकारणं हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असा निकाल १९९६ मध्ये लागला आणि त्यांना २५,००० रुपये भरपाई मिळाली. जखमीला वाचवण्याची जबाबदारी सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आहे, हे त्याआधी १९८९ मध्येच न्यायालयाने सांगितलं होतं.

खासगीत जावंच लागलं, तर ऑपरेशनआधी खर्चाचा अंदाज लेखी मागावा. घाईचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

हे सगळं फोन येण्याआधी करायचं काम आहे. या खेपेला गावी गेलात की एक कागद घरात लावा. जवळचं आरोग्य केंद्र, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय, योजनेच्या यादीतली दोन नावं, आशाताईचा नंबर, घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या. कार्ड निघालं नसेल तर काढून घ्या. मग तोच कागद वस्तीतल्या बुद्धविहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत लावा. वस्तीत कुणी नर्सिंग किंवा एमबीबीएस करत असेल, तर त्यांना महिन्यातून एक संध्याकाळ मागा.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. रुग्णांना तिथवर आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आजारी माणसाला योग्य ठिकाणी पोहोचवणं हेही त्यांनी चळवळीचंच काम मानलं होतं. आपल्या पिढीला ते करण्यासाठी निदान माहिती, फोन आणि कायदा हाताशी आहे.