हायड्रोजन भट्टीला द्यावा की मालमोटारीला?

भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात मालमोटारींची वर्दळ सतत चालू असते. डिझेलच्या धुरापासून या वाहतुकीची सुटका कशी करावी, हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये रायपूर येथे कोळसा वाहण्यासाठी हायड्रोजनवर चालणारी मालमोटार सुरू झाली. चाळीस टनांपर्यंत माल घेऊन ती २०० किलोमीटर जाते, असे तेव्हा सांगण्यात आले. हाच मार्ग हथखोजनेही धरावा काय? आमच्या मते, धरू नये.

आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला उद्‌जन म्हणत, तो हा वायू निसर्गात मोकळा क्वचितच सापडतो. तो पाण्यातून काढावा लागतो व त्यासाठी वीज खर्चावी लागते. १०० एकक वीज घेतली, तर पाण्याचे विघटन, वायूचे दाबीकरण आणि इंधन-घटात त्याची पुन्हा वीज करणे, या तीन पायऱ्या उतरून चाकांपर्यंत जेमतेम २५ ते ३० एकके पोहोचतात. तीच वीज बॅटरीत साठविली, तर सुमारे ७५ एकके हाती लागतात. छत्तीसगडची वीज बहुतांशी कोळशाची आहे. तेव्हा हायड्रोजनची मालमोटार त्या विजेवर चालवावयाची म्हणजे एका फेरीसाठी अडीच-तीन पट कोळसा जाळावयाचा!

कोणी म्हणेल, भिलाईच्या कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजनच असतो. तो फुकट आहे. फुकट मुळीच नाही. तो वायू पोलाद कारखान्यांत इंधन म्हणून वापरला जातो. काढून घेतला, तर त्या जागी दुसरे इंधन जाळावे लागेल.

शुद्ध हायड्रोजनची खरी गरज आहे ती भट्टीला. झोतभट्टीत कोकमधील कार्बन लोहखनिजातील प्राणवायू ओढून घेतो व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हेच काम हायड्रोजनने केले, तर पाण्याची वाफ होते. स्वीडनमध्ये लुलेओ येथे २०२१ साली या पद्धतीने लोखंड काढण्यात आले. स्थूल हिशेबाने १ किलो हायड्रोजन भट्टीत वापरल्यास २५ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. मालमोटारीत डिझेलऐवजी वापरल्यास १० ते १२ किलो. पोलादाच्या गावाने हा आकडा डोळ्यांआड करू नये.

बॅटरीचे वजन ही खरी अडचण होय. ४०० एकक वीज साठविणारा संच अडीच टनांच्या घरात जातो आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. पण लांबच्या मालासाठी विजेवरची रेल्वे आहे, आणि तिचे रूळ तर भिलाईतच लाटले जातात. हथखोजच्या मालमोटारींचे जे फेरे जवळचे आहेत, त्यांत माल भरताना व उतरविताना गाडी तासन्‌तास उभी असते. विजेची जोडणी तेथेच, वजनकाट्याशेजारी, हवी.