पाठवलं म्हणजे पोचलं?

ब्राउजर आणि सर्व्हरच्या गप्पांसाठी हल्ली जो तो सॉकेट.आयओ लावतो. २०१० पासूनची ही लायब्ररी मलाही आवडते. वेबसॉकेट जमलं नाही तर एचटीटीपी लाँग-पोलिंगवर भागवते, तुटलेलं कनेक्शन आपणहून जोडते. पण त्यामुळेच मंडळी निर्धास्त होतात! 'इमिट' केलं की मेसेज पोचला, असं धरून चालतात. मुळात तिची हमी "जास्तीत जास्त एकदा" एवढीच. म्हणजे एकदाही नाही पोचला, तरी हमी मोडत नाही. गप्पांतला स्मायली हरवला तर ठीक, पण ऑर्डर हरवली तर? माझं मत विचाराल तर महत्त्वाच्या मेसेजची पोच मागाच. नाही आली तर पुन्हा पाठवा. आणि प्रत्येक मेसेजला आयडी द्या, म्हणजे सर्व्हरला दुबार आलेली ऑर्डर ओळखता येईल. काम थोडं वाढतं खरं, पण गिऱ्हाईकाची माफी मागण्यापेक्षा कमीच.