अभिमान आणि पुरावा

पूर्वजांविषयीचा अभिमान आणि पूर्वजांविषयीचा पुरावा ह्या दोन भिन्न वस्तू असून, अमेरिकेत वसाहतकाळी गेलेल्या मूळपुरुषाचा माग काढणारे वंशज पहिलीच्या भरात दुसरीची उपेक्षा करतात, हे मला अत्यंत अनिष्ट वाटते. ह्या बाबतीत अब्राहम लिंकन यांचे वर्तन आदर्श मानावे लागेल. १८५९ साली त्यांनी आपले त्रोटक आत्मवृत्त लिहिले, तेव्हा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आलेल्या आपल्या घराण्याचा न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी संबंध जोडू पाहता, दोहोंकडे मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावे आढळतात यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही, असे त्यांनी निःसंकोच नमूद केले. १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन हिंगहॅम येथे स्थायिक झालेला सॅम्युएल लिंकन हाच त्यांचा पूर्वज, हे पुढे संशोधकांनी सिद्ध केले. तथापि हाती दस्तऐवज नसताना तो दावा न करण्यातच त्यांचा विवेक होता.

खानेसुमारीवर विसंबणाऱ्यास येथे फारसे साहाय्य नाही. १७९० ची पहिली खानेसुमारी धरून १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बायकामुले वयाच्या रकान्यांतील आकडे होऊन राहत. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये आले, आणि १८९० ची बहुतेक पत्रके १९२१ च्या आगीनंतर कायमची गेली. म्हणून खरेदीखते, मृत्युपत्रे, करवसुलीच्या याद्या आणि कोर्टाचे फैसले यांनी भरलेल्या कौंटीच्या दफ्तराकडेच वळावे लागते, आणि ते वाचताना त्या काळचा कायदाही ठाऊक असावा लागतो. लिंकन यांचे आजोबा १७८६ मध्ये केंटकीत मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले, त्या वेळी तो मुलूख व्हर्जिनियाच्या अमलाखाली होता. ज्येष्ठाधिकार रद्द करणारा कायदा मंजूर होऊनही १७८७ पर्यंत लागू व्हावयाचा नसल्याने, मृत्युपत्रावाचून राहिलेली जमीन थोरला पुत्र मॉर्डेकाय यास मिळाली आणि धाकटा थॉमस, म्हणजे लिंकन यांचे वडील, रिक्तहस्त राहिला. वडिलांच्या जमिनीच्या वारसांत थॉमसचे नाव नाही, एवढ्यावरून तो त्यांचा पुत्रच नव्हे असे ठरविणारा संशोधक केवढा फसेल!

ह्याच थॉमसच्या विवाहाची नोंद तो राहत असे त्या हार्डिन कौंटीत सापडेना, म्हणून लिंकन यांच्या जन्माविषयी निंद्य कंड्या पिकल्या. अखेर १८७८ साली, त्यांच्या हत्येनंतर तेरा वर्षांनी, १८०६ च्या त्या विवाहाचे कागद शेजारच्या वॉशिंग्टन कौंटीच्या दफ्तरात मिळाले. कोणा कारकुनाने जपून ठेवलेल्या ह्या कागदांनी एका मातेची अब्रू राखली, ह्याचे मोल मला अनेक स्मारकांहून अधिक वाटते.

परंतु सर्वांत दारुण अभाव गुलामांच्या वंशजांच्या वाट्यास आला आहे. १८५० आणि १८६० च्या पत्रकांत त्यांचे पूर्वज प्रायः निनावीच, धन्याच्या नावाखाली वय, लिंग व वर्ण एवढ्यांनिशी मांडलेले आहेत. मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावे खानेसुमारीत प्रथम १८७० साली आली. त्याआधीचे नाव हुडकावयाचे तर धन्याचे मृत्युपत्र आणि मिळकतीची यादी उघडावी लागते, कारण गुराढोरांच्या आणि अवजारांच्या शेजारी, किमतीसह, ते तेथेच लिहिलेले असण्याचा संभव असतो. दफ्तरांच्या जतनासाठी सरकारी पैसा खर्च व्हावयाचा असेल, तर पहिला हक्क ह्या याद्यांचा आहे.