रोमन शिपायाचें स्नान

रोमचा इतिहास आपण शाळेंत शिकलों तो लढायांचा. शिपायानें कोणतीं राज्यें जिंकलीं हें त्यांत मिळतें. रणांगणाची धूळ तो कोठें धुवीत असे, हें मिळत नाहीं. वास्तविक रोमन सैन्य जेथें जेथें गेलें, तेथें तेथें त्याच्यामागें स्नानगृहही गेलें. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर व्हिंडोलांडा नांवाचें एक ठाणें होतें. तेथें लांकडाच्या पातळ फळ्यांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें व याद्या सांपडल्या आहेत. सुमारें इ. स. १०० च्या सुमाराच्या एका यादींत कारखान्यांत कामास लावलेल्या ३४३ माणसांचा हिशेब असून त्यांपैकीं १८ जण स्नानगृहाच्या बांधकामावर नेमलेले आहेत.

ही इमारत बहुधा तटाबाहेर असे, कारण भट्टीच्या आगीचें भय. जमीन ठेंगण्या खांबांवर उचललेली असून तिच्या खालून उष्ण हवा खेळे. शिपाई कोमट दालनांतून उष्ण दालनांत जाई, अंगास तेल चोळी, घाम सुटला म्हणजे धातूच्या वांकड्या पट्टीनें तेल व मळ एकदम खरवडून काढी आणि शेवटीं गार पाण्यांत उतरे. आपल्या दिवाळींतील अभ्यंगाशीं याचें नातें सहज ओळखूं येतें. आपण उटणें लावतों, तो पट्टी चालवी, इतकाच भेद.

आज पोर्तुगालमध्यें असलेल्या व्हिपास्का या खाणींच्या गांवीं, हेड्रियन बादशहाच्या काळांतील स्नानगृहाचे नियम ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेले मिळाले आहेत. मक्तेदारानें पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत वाहतें ठेवावें, तांब्यापितळेचीं भांडीं दर तीस दिवसांनीं घासून त्यांस चरबी लावावी. स्त्रियांनीं पहांटेपासून सातव्या तासापर्यंत व पुरुषांनीं आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत न्हावें. पुरुषांस अर्धा ‘आस’ आकार, स्त्रियांस पुरा. दुप्पट कां, याचा खुलासा त्या पत्र्यावर नाहीं. आमच्या गृहिणींनीं तो मागितल्यावांचून सोडला नसता! लहान मुलें व शिपाई यांस मात्र स्नान फुकट.

याच हेड्रियनची एक गोष्ट त्याच्या प्राचीन चरित्रांत आहे. तो सर्वांबरोबर सार्वजनिक स्नानगृहांत जाई. एकदां तेथें त्याच्या ओळखीचा एक वृद्ध शिपाई भिंतीला पाठ घांसतांना त्यास दिसला. विचारतां कळलें कीं, अंग खरवडावयास त्याच्याजवळ गुलाम नाहीं. बादशहानें त्याला गुलाम दिले व त्यांच्या पोटापाण्याचा खर्चही दिला. दुसऱ्या खेपेस पाहतों तों कित्येक म्हातारे भिंतीला पाठ घांशीत उभे! तेव्हां त्यानें त्यांस एकमेकांची पाठ खरवडण्यास सांगितलें. लोक या गोष्टीला हंसतात. परंतु पहिल्या देणगींत दिलें काय, तर जिवंत माणसें. तें वाचून मला पुरतें हंसूं येत नाहीं.

तें पाणी स्वच्छ होतें असेंही नव्हे. मार्कस ऑरेलियस या तत्त्वज्ञ बादशहानें आपल्या चिंतनांत तेल, घाम व मळ यांनीं बरबटलेल्या स्नानाच्या पाण्याचा किळस येईल असा उल्लेख केला आहे. वैनगंगेच्या वाहत्या पाण्यांत कार्तिकस्नान करणाऱ्या मनुष्यास तर त्यांत पाऊल घालवणार नाहीं. पण तें पाणी मळानें घाण होई; कोणाच्या जन्मानें तें विटाळलें असें तेथें कोणी म्हटल्याचें वाचनांत नाहीं. शिपाई आणि बादशहा एकाच कुंडांत उतरत.

आपल्याकडे काय होतें? कोंकणांत पलटणींतून निवृत्त झालेले महार पेन्शनर पुष्कळ होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. सरकारसाठीं ज्यांनीं रक्त सांडलें, त्यांना गांवच्या तळ्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. मुंबई कायदेमंडळांत सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे झाले. महाड नगरपालिकेनेंही १९२४ सालीं तसाच ठराव केला. तळें मात्र बंदच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह चवदार तळ्यावर गेले व तेथें ओंजळभर पाणी प्याले. त्या जमावांत जुने पेन्शनर शिपाईही होते. त्याच दिवशीं परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, आणि मागाहून आपल्याच शास्त्रीमंडळींच्या विधीनें १०८ घागरी पंचगव्यमिश्रित पाणी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. मंत्र म्हणणारे आपल्यांतले होते, हें या पानावर लिहितांना संकोच वाटतो, पण वगळवत नाहीं.

पुढें प्रकरण कोर्टांत गेलें. तळें खाजगी आहे आणि इतरांस तेथें मज्जाव हा अनादि रिवाज आहे, असें वादींचें म्हणणें. तो रिवाज सिद्ध होत नाहीं असा मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं लागला. घोटभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षांस तीन दिवस कमी पडले.