पोस्टडॉकच्या जागा दिसायला हव्यात

पीएच.डी. झालेल्या उमेदवाराला आपल्या विद्यापीठांत पोस्टडॉकसाठी यायचे असेल, तर पैशांच्या आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपचेच पाहा. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने (‘सर्ब’) चालवलेली ही योजना आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे आणि तिच्या अर्जाला यजमान संस्थेची व मार्गदर्शकाची संमती जोडावी लागते. ज्याला हा होकार मिळाला नाही, त्याचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. पहिली निवड अशी आपण मार्गदर्शकच करतो, आणि या निवडीला ना जाहिरात, ना निकष, ना मुदत. ओळखीच्या गाइडचा विद्यार्थी पुढे सरकतो. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठातून उत्तम प्रबंध लिहून आलेल्या मुलीला मात्र कोणाला लिहावे हेच कळत नाही. ‘सर्ब’च्या काळापासून या योजनेला खुल्या गटासाठी ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे उत्तरांची वाट पाहण्यात गेलेले वर्ष उमेदवाराला फार महाग पडते.

प्रकल्पांतल्या रिसर्च असोसिएटच्या जागांचीही हीच गत. १ जानेवारी २०२३पासून या पदांचे मानधन दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे असे झाले. पैसा वाढला, पण जाहिरात अजूनही संकेतस्थळाच्या कोपऱ्यात असते आणि आठवड्याभरात ‘वॉक-इन’ मुलाखत, तीही स्वखर्चाने. गुवाहाटीच्या उमेदवाराने पुणे कसे गाठावे? मग त्याच इमारतीतला उमेदवार निवडला जातो आणि विभागात तेच प्रश्न, तीच तंत्रे फिरत राहतात. बाहेरचे कौशल्य प्रयोगशाळेत यावे म्हणून तर पोस्टडॉक असतो!

सहकारी म्हणतात, एकाच साच्यातली पत्रे ढिगाने येतात, कोणाकोणाला उत्तर देणार? तक्रार खरी आहे. रिकाम्या पदांमुळे अध्यापनाचा बोजाही वाढलेला आहे. पण आपल्याला काय हवे हे कुठेच लिहिलेले नसते, म्हणून उमेदवार सगळ्यांना सारखेच पत्र धाडतो. युरोपातल्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपलाही यजमान लागतोच. तिथली अनेक विद्यापीठे मुदतीच्या काही महिने आधी कोणते प्राध्यापक, कोणत्या विषयांत उमेदवार घ्यायला तयार आहेत आणि आधी काय पाठवायचे, हे जाहीर करतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अनोळखी माणसावर फेलोशिपची दोन वर्षे विश्वास कसा टाकायचा? ओळखीने स्वभाव कळतो, हे मान्य. संशोधनाची कुवत मात्र दोन पानी आराखडा, एक ऑनलाइन व्याख्यान आणि आधीच्या गाइडशी मोकळे बोलणे यांतून जास्त नेमकी कळते, आणि याला पैसा लागत नाही.

म्हणून मार्गदर्शकांना विनंती आहे: पुढच्या फेरीआधी विभागाच्या पानावर आपला विषय, उपलब्ध उपकरणे, अपेक्षित आराखडा आणि उत्तर देण्याची तारीख एवढे लिहा, आणि नकार द्यायचा असेल तर तोही त्या तारखेपर्यंत कळवा.